धुतल्यावर पसरलेली जास्वंद: गोधडीच्या कापडावर शाईने रंगवायचं तर

ताई, सगळ्यात आधी एक सांगते. ते चौकोन जसे आहेत तसे राहू द्या, त्यांना इस्त्री लावू नका आणि कडक उन्हातही घालू नका. ते वाचवता येतील. कसे, ते पुढे सांगते.

वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही नातीसाठी गोधडी करताय. आत आईच्या जुन्या सुती साड्यांचे थर आणि वर पांढऱ्या कापडाचे नऊ चौकोन. त्यातल्या सात चौकोनांवर माहेरच्या अंगणातली जास्वंद, तुळशीवृंदावन, विहिरीचा रहाट असं सगळं शाईने काढलं. रेषांना फाउंटन पेनची काळी शाई आणि रंगाला बाटलीतल्या रंगीत शाया. वाळल्यावर चित्रं देखणी दिसत होती. एकदा धुतली आणि काळ्या रेषांमधून जांभळे ओघळ निघाले, लाल जास्वंद गुलाबी डाग होऊन बसली. आता तुम्हाला चार गोष्टी विचारायच्या आहेत: हे चौकोन वाचतील का, कोणती शाई वापरायला हवी होती, रंगवलेलं कापड टाके घालताना कडक होतं का, आणि बाळाच्या अंगावर ते चालेल का.

गोधड्यांवर शाईने काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. तुमच्यासारखी जास्वंद माझ्याही हातून वाहून गेलेली आहे, म्हणून हे सगळं नीट सांगावंसं वाटतं.

आधी हे का झालं ते बघू. शाळेत खडूवर काळ्या शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा करायचा प्रयोग आठवतोय? पाणी वर चढायचं आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळसर पट्टा वेगळा व्हायचा. तुमच्या कापडावर तेच झालं. फाउंटन पेनच्या नेहमीच्या शाईतला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदासाठी आणि पेनच्या बारीक नळीतून वाहण्यासाठी बनवलेली असते, आणि निब चोंदू नये म्हणून तिच्यात धरून ठेवणारं काही घातलेलं नसतं. सुती धाग्यावर ती नुसती बसून राहते. पाणी आलं की उठते आणि पाण्याबरोबर धाग्याधाग्याने चालायला लागते.

कापडावर टिकणाऱ्या शाईचं तंत्र निराळं आहे. तिच्यातला रंग म्हणजे न विरघळणारी अगदी बारीक पूड, ज्याला आपण पिगमेंट म्हणतो. ही पूड आपणहून कापडाला चिकटत नाही, तिला चिकटवणारं काहीतरी लागतं. ॲक्रिलिक शाईत ते काम ॲक्रिलिकचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, सूक्ष्म कण करतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना जुळतात आणि रंगाच्या पुडीसकट धाग्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. इस्त्रीच्या उष्णतेने हा पापुद्रा पक्का होतो. म्हणून बाटली हातात घेतलीत की ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर थांबू नका. कागदावर वॉटरप्रूफ असलेली शाई कापडावर साबण आणि चोळणं सहन करेलच असं नाही. पिगमेंट आहे का आणि चिकटवणारं काय आहे, हे बघा.

तसं पाहिलं तर कापडावर कायमची खूण करायची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. धोबी लोक बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत आणि वरून चुना लावत. ती काळी खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. बिब्ब्याचं इंग्रजी नावच मुळी ‘मार्किंग नट’, म्हणजे खुणेचं फळ. पण हे कुणी घरी करून बघू नये. बिब्बा उततो हे गावाकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. नुसत्या धोबीखुणेनेही काहींच्या अंगावर पुरळ उठायचं, आणि नातीच्या गोधडीत असला बिब्बा नको.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्या कामाला अगदी जवळचं. अमेरिकेत १८४० नंतरच्या वीसेक वर्षांत मैत्रिणींनी मिळून गोधड्या करायच्या आणि प्रत्येकीने आपल्या चौकोनावर शाईने नाव लिहायचं, अशी लाट आली होती. बाल्टिमोरच्या त्या काळच्या गोधड्यांवर तर फुलांची देठं, कळ्यांवरची लव, पानांच्या शिरा अशी बारीक कामंही शाईने केलेली दिसतात. पण त्या वेळच्या काही शायांमध्ये लोह आणि टॅनिन, म्हणजे झाडांच्या सालीफळांतला तुरट अंश, असे. पुढच्या काळात तिथलं कापड कुजलं आणि काही ठिकाणी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं उरली. म्हणजे शाई टिकली म्हणून काम झालं असं नाही, तिने कापडही टिकू दिलं पाहिजे. जुन्या दौतीतली घरगुती शाई किंवा गंजाच्या पाण्याचा काळा रंग वापरून बघायचा मोह बऱ्याच जणींना होतो. भिंतीवर टांगायच्या छोट्या तुकड्याला ठीक आहे, पण पन्नास वर्षं वापरायच्या गोधडीला मी तो लावत नाही.

मग वापरायचं काय? रेषांसाठी मी पिगमेंटची शाई असलेली बारीक टोकाची पेनं वापरते. साकुराचं पिग्मा मायक्रॉन आता मोठ्या स्टेशनरी दुकानांत मिळतं. ०१ नंबरची रेषा पाव मिलिमीटरची येते आणि ०५ ची साधारण त्याच्या दुप्पट जाडीची. कापडावर दोन्ही थोड्या फुगतात, म्हणून मनात जी रेषा आहे तिच्याहून एक नंबर बारीक पेन घ्यायचं. रंग भरायला ॲक्रिलिक शाई उत्तम. ती महाग वाटली तर आपले नेहमीचे ॲक्रिलिक फॅब्रिक कलर घ्या आणि त्याच कंपनीच्या मीडियमने, म्हणजे रंगाची पूड नसलेल्या नुसत्या चिकटवणाऱ्या द्रव्याने, शाईइतके पातळ करा. इथेच बहुतेक जणी चुकतात. रंग पातळ करायला हात पाण्याकडे जातो. थोडं पाणी चालतं, पण निम्म्याहून जास्त पाणी घातलं की चिकटवणारं द्रव्यही विरळ होतं आणि पहिल्याच धुण्यात रंग फिका पडतो. पातळपणा मीडियमने आणायचा, पाण्याने फक्त ब्रश ओला ठेवायचा. शाईच्या पेन्सिली मिळतात, इंकटेन्ससारख्या. त्या हाताला फार सुखद आहेत, पण कापडावर त्यांनाही मीडियमचीच ओल द्या, साध्या पाण्याची नको.

आता कापड. शाई कोणती यावर सगळे बोलतात, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त कामं कापडाच्या खळीमुळे बिघडतात. नव्या केंब्रिकला, पॉपलिनला किंवा मांजरपाटाला गिरणीची खळ असते. हाताला कापड कसं कोरं, करकरीत लागतं. त्यावर रंगवायला मजाही येते, कारण शाई पसरत नाही. पण रंग बसलेला असतो खळीवर, धाग्यावर नाही. धुताना खळ निघते आणि तिच्याबरोबर जास्वंदही जाते. खळ आहे की नाही हे ओळखायला घरातलं टिंक्चर आयोडीन पुरतं. कापडाच्या काठाला एक थेंब टाका. थेंब तपकिरी राहिला तर ठीक, निळा-काळा झाला तर खळ आहे. कापड गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर बुडवून ठेवा, खळखळून धुवा आणि पुन्हा तपासा. कापडाला जे आटायचं ते याच वेळी आटून जातं, हा दुसरा फायदा. कम्फर्टसारखं मऊ करणारं काही शेवटच्या पाण्यात घालू नका, त्याने धाग्यावर तवंग बसतो. कापड शंभर टक्के सुती हवं. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणतो, पण काठाचा एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, मिश्र धाग्याच्या टोकाला कडक मणी बनतो.

खळ काढली की दुसरी अडचण येते. आता कापड इतकं शोषून घेतं की शाई धावते. बारकाईने बघितलंत तर ती गोल पसरत नाही, उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने काटेरी फुटते. आंध्रात श्रीकाळहस्तीला कलमकारी करणाऱ्यांनी यावर फार जुना तोडगा काढला आहे. ते कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवून वाळवतात. हिरड्यातल्या टॅनिनमुळे लोखंड आणि गुळाच्या पाण्याने काढलेली रेषा काळी होते, आणि दुधातल्या स्निग्धपणामुळे ती रेषा जागच्या जागी राहते. आपल्या ॲक्रिलिक शाईला दूध नको, आपण शाईलाच थोडी दाट करायची. मी त्यासाठी कोरफडीचं बाटलीतलं पारदर्शक जेल वापरते. एक चमचा शाईला अर्धा चमचा जेल. ते नंतर धुण्यात पूर्ण निघून जातं आणि कापड मऊ राहतं. झाडाची ताजी कोरफड घेऊ नका, तिचा पिवळा चीक कापडाला डाग पाडतो.

कापड ताणायला लाकडी फळीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून घ्या, खरखरीत बाजू वर. त्यावर कापड ठेवलं की पेनखाली ते सरकत नाही, चिमटे-टाचण्या काही लागत नाही. कच्चं चित्र साध्या एचबी पेन्सिलीने अगदी हलकं काढा. पाण्याने जाणारा निळा पेन इथे वापरू नका. त्या निळ्यावर इस्त्री फिरली की तो कायमचा होतो, आणि आपल्याला तर इस्त्री करायचीच आहे. इस्त्रीने अदृश्य होणारा जेल पेन असतो, तोही नको. कॅनडातल्या भाचीला मी पाठवलेल्या एका गोधडीवर, ती जानेवारीत रात्रभर गाडीत राहिली तेव्हा, माझ्या सगळ्या कच्च्या रेषा पुन्हा उमटल्या होत्या. त्या पेनची शाई उष्णतेने फक्त लपते, कडाक्याच्या थंडीत परत येते.

आता तुमची जास्वंद प्रत्यक्ष करून बघू. चौकोन कापायचा आहे त्याहून चहूबाजूंनी इंचभर मोठा ठेवा आणि चित्र कडेला नेऊ नका. पाव इंच शिवणीत जातं, आणि टाके पडले की कापड आत ओढलं जातं. बशीत लाल शाई आणि जेल कालवा, शेजारी थोडं नुसतं मीडियम ठेवा. चार नंबरचा गोल सिंथेटिक ब्रश घ्या. ब्रश शाईत बुडवल्यावर जुन्या सुती फडक्यावर एकदा टेकवायचाच, ही सवय हाताला लागली पाहिजे. भरलेला ब्रश सरळ कापडावर गेला की तळं होतं. सुरुवात पाकळीच्या मुळापासून करा, जिथे जास्वंद सगळ्यात गडद असते. मुळाशी रंग टेकवा आणि पाकळीच्या शिरांच्या दिशेने बाहेर ओढा. अर्ध्या वाटेवर थांबा. ब्रश फडक्यावर कोरडा करा, मीडियममध्ये टोक बुडवा आणि आता कडेकडून आत या. दोन ओल्या कडा जिथे भेटतात तिथे रंग आपोआप फिका होत जातो. कडेला काडीएवढी पांढरी जागा सोडा, शाई तेवढी स्वतः चालते. पांढरा रंग वापरायची गरजच पडत नाही, कापडाचा पांढरेपणा हाच उजेड. पांढरी शाई दाट असते आणि कापड कडक होण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिच्यापासूनच होते. मधल्या दांडीचे पिवळे ठिपके सगळ्यात शेवटी, लाल पूर्ण वाळल्यावर. काळी रेषा रंगाच्या आधी काढावी की नंतर? मी नंतर काढते. रंग वाळून इस्त्री झालेली जागा कमी शोषते, तिथे पेनची रेषा स्वच्छ येते.

एकेक पाकळी सोडून रंगवा, लगतची ओली असताना हात लावू नका. गडदपणा हवा असेल तर एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर, मधे पूर्ण वाळवून. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळं यातच आहे. पातळ थर धाग्याभोवती बसतो, जाड थर धाग्यांमधली भोकं बुजवतो, आणि मग कापड रेक्झिनसारखं लागायला लागतं. सुई त्यातून टचकन आवाज करत जाते आणि टाका उसवला तर भोक तसंच राहतं.

सगळं रंगवून झालं की एक अख्खा दिवस सावलीत वाळू द्या. मग इस्त्री ‘कॉटन’वर, वाफ बंद. चित्राची बाजू खाली, खाली-वर सुती फडकं, आणि प्रत्येक जागेवर तीन-चार मिनिटं मिळतील अशी इस्त्री हळूहळू फिरवत राहायची. एकाच जागी दाबून ठेवली तर कापड पिवळं पडतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दोन दिवस वाळवा, दमट हवेत आतली ओल लवकर जात नाही. इस्त्रीनंतर मी तीन दिवस थांबते आणि मगच पहिलं धुणं. त्याआधी पांढरा रुमाल ओला करून रंगावर दहा वेळा घासून बघते. रुमालाला रंग लागला तर पुन्हा इस्त्री. हे सगळं आधी त्याच कापडाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर करायचं. तो तुकडा धुऊन, अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवला की कोणता रंग उडतो तेही कळतं. काळा पिगमेंट हा बहुधा कार्बनच असतो, तो उन्हाला दाद देत नाही. काही झगझगीत गुलाबी-जांभळे मात्र महिन्यात अर्धे होतात.

टाक्यांबद्दल. धावदोरा पाकळीच्या कडेने, रंगाच्या बाहेर घाला, रंगाच्या मधून कमीत कमी जाऊ द्या. कडेने टाका बसला की पाकळी फुगून वर येते, आणि शाईने केलेली छाया खरी वाटायला लागते. हातशिलाईला बारीक, धारदार सुई, मशिनला १४ नंबरची नवी सुई. दोऱ्याला मेण लावायची सवय असेल तर या गोधडीपुरती सोडा. पुढे कधी इस्त्री झाली की मेणाचा डाग रंगातून वर येतो. काही जणी आधी टाके घालून मग रंगवतात. टाक्याची ओळ शाईला थोडी अडवते, हे खरं, पण सुती दोराही शाई पितो आणि ती आतल्या थरात उतरवतो. तुमच्या आत आईच्या साड्या आहेत. तुम्ही आधी रंगवा, पक्कं करा, धुवा, मग थर लावा.

आणि आईच्या साडीवरच थेट रंगवायचा विचार तुमच्या पत्रात शेवटी आहे, तो कृपया सोडा. चाळीस वर्षं नेसलेल्या, धुतलेल्या सुताला सोड्याचं गरम पाणी, इस्त्रीची उष्णता आणि रंगाचा पापुद्रा सोसत नाही. रंगवलेला भाग ताठ राहतो आणि त्याच्या कडेने साडी फाटते. ती आत आहे तिथेच तिची ऊब आहे.

आता तुमचे सात चौकोन. एकेक करून, घडी न घालता, बादलीभर थंड पाण्यात पसरून सोडा. पाणी रंगलं की बदला. चौथ्या-पाचव्या पाण्यात थोडं रिठ्याचं पाणी किंवा सौम्य लिक्विड घाला. चोळू नका, पिळू नका. पाणी निखळ राहीपर्यंत हे करत राहा, सात-आठ पाणी लागतील. ब्लीच अजिबात नाही, त्याने सूत अशक्त होतं आणि काही रंग जाण्याऐवजी तपकिरी होतात. पांढऱ्या टॉवेलवर सपाट वाळवा. शेवटी फिकट जांभळी, गुलाबी झाक उरेल. तिला पार्श्वभूमी समजा. पहाटेचं आभाळ असंच असतं, आणि रहाट, वृंदावन त्यावर छान उठून दिसतील. आता पिगमेंटच्या पेनने रेषा नव्याने ओढा, जास्वंदीला पातळ ॲक्रिलिक लाल द्या, वर सांगितल्याप्रमाणे पक्कं करा. एखाद्या चौकोनातला ओघळ अगदीच चित्राच्या तोंडावर आला असेल तर तो चौकोन नवीन करा. पण बाकीचे मी नक्की वाचवले असते. उरलेले दोन कोरे चौकोन आधी आयोडीनने तपासा.

बाळासाठी: पाण्याच्या ॲक्रिलिक रंगांवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि पक्कं झाल्यावर दोनदा धुऊन मगच गोधडी वापरात आणा. तरीही रंगवलेले चौकोन मध्यावर घ्या आणि चारी कोपऱ्यांना साधं, धुतलेलं मऊ सूत लावा. बाळं कोपरा चघळतात. गोधडी थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवायची आणि सावलीत, उलटी करून वाळवायची.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. मागच्या अस्तरावर थर लावायच्या आधी, ०५ च्या पेनने आईचं नाव, गावाचं नाव, तुमचं नाव आणि साल लिहा. कापडावर देवनागरी लिहिताना अक्षरं आधी सुटी काढा, शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात ओढा, म्हणजे ओळ वाकडी होत नाही. आणि अनुस्वाराच्या ठिपक्यावर पेन टेकवून ठेवू नका. तिथे शाई क्षणात फुगते. नुसतं टोक लावायचं आणि उचलायचं.